‘चांदोबा’मागचा कादंबरीकार

‘चांदोबा’ वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना कोडवटिगंटि कुटुंबराव हे नाव ठाऊक असेल. दोष वाचकांचा नाही. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’वर संपादक म्हणून चक्रपाणींचं नाव छापलं जाई, १९५२ पासून १९८० साली मृत्यू येईपर्यंत मजकुराचा भार मात्र वाहिला कुटुंबरावांनी. त्याची मराठी आवृत्ती, म्हणजे ‘चांदोबा’, हीही १९५२ चीच. कथा आधी तेलुगूत सिद्ध व्हायच्या, मग इतर भाषांत जायच्या. त्यामुळे मराठी मुलांच्या वाट्याला आलेल्या त्या न अडखळणाऱ्या कथनाच्या मुळाशी तेलुगूतल्या एका महत्त्वाच्या वास्तववादी कादंबरीकाराचा हात होता. त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा त्यांचे दोन तुकडे केले जातात : मध्यमवर्गाची निर्दय तपासणी करणारा मार्क्सवादी लेखक एकीकडे, आणि पोटासाठी राजे-राक्षसांच्या गोष्टी सांभाळणारा नोकरदार दुसरीकडे. ही वाटणी सोयीची आहे, पण त्यांच्या लेखनाच्या पुराव्यावर ती टिकत नाही.

१९०९ साली तेनालीत जन्मलेले कुटुंबराव भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. बनारसला एम.एस्सी.साठी गेले आणि जागतिक मंदीच्या तडाख्यात शिक्षण अर्धवट सोडून परतले. पुढे नाना नोकऱ्या केल्या, मग पत्रकारितेत आले. ‘चदुवु’ (शिक्षण) ही त्यांची सर्वांत भक्कम कादंबरी या अनुभवाच्या जवळून जाते. एका मुलाच्या अक्षरओळखीपासून ती सुरू होते आणि स्वातंत्र्यचळवळ, मंदी, सुशिक्षितांची बेकारी यांतून त्याचं वाढणं दाखवते. शिकला की भलं होईल, या घरादाराच्या श्रद्धेचं काय होतं, हा तिचा खरा विषय. तिच्यात भाषण नाही. तेलुगूतलेच कादंबरीकार विश्वनाथ सत्यनारायण ‘वेयिपडगलु’ या कादंबरीत जुन्या व्यवस्थेच्या अस्ताचा भव्य शोक मांडतात, दुसरे तेलुगू लेखक चलम स्त्रीच्या बंडाला भावनेची आग देतात. कुटुंबरावांना दोन्ही वाटा परक्या. कोण कोणाच्या पैशावर जगतो, लग्न कशाच्या हिशेबावर ठरतं, माणूस स्वतःला कोणत्या सबबी सांगतो, हे ते थंडपणे नोंदवत जातात. भाषासुधारक गिडुगु राममूर्तींनी तेलुगूतल्या ज्या बोलीतल्या गद्यासाठी आयुष्यभर झुंज दिली, ते गद्य इथे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचं अस्तित्वही जाणवत नाही.

मासिकातही हीच शिस्त दिसते. कथेत पुढची घटना आधीच्या कृतीतून निघते, वर्णन कामापुरतं असतं, आणि पात्राच्या मनातली गोष्ट त्याच्या वागण्यातून कळते. विक्रम-वेताळाच्या सदरात तर हे उघडच आहे. परंपरेतल्या गोष्टी संपल्यावरही सदर वर्षानुवर्षं चाललं, कारण त्याचा साचा तर्काचा होता. वेताळ वागण्यातली विसंगती पुढे करतो आणि राजाला हेतूंचा उलगडा करावा लागतो. उत्तर बहुतेकदा वरवर दिसणाऱ्या नीतीच्या उलट जातं. वाचकाला माणसाचा हेतू तपासायला लावणं, हेच तर ‘चदुवु’चंही काम.

यावर आक्षेप ठरलेला आहे. १९७० साली स्थापन झालेल्या विप्लव रचयितल संघाशी, म्हणजे ‘विरसम’ या क्रांतिकारी लेखकांच्या संघटनेशी, जोडलेला लेखक जादूटोणा आणि राजेशाहीच्या गोष्टी मुलांना कसा देतो? जादूपुरतं उत्तर सोपं आहे. उडता घोडा आपण खोटा असल्याचं लपवत नाही. कुटुंबरावांचं वैर होतं ते खऱ्याचा वेष घेतलेल्या खोट्याशी. प्रतिष्ठा, खानदान, पातिव्रत्य असल्या शब्दांआडच्या व्यवहाराशी. राजेशाहीचा मुद्दा मात्र असा झटकता येत नाही. ‘चंदामामा’त चांगला राजा येतो, न्याय होतो आणि सिंहासन जिथल्या तिथे राहतं. कादंबरीकार कुटुंबरावांनी असा शेवट सहन केला नसता. मालकीचं व घरोघरी स्वीकारलं जाण्याचं बंधन इथे दिसतं आणि ते मान्य केलंच पाहिजे. शिवाय मासिकाचं सगळं श्रेय त्यांच्या पदरात टाकणंही अन्यायाचं : तिथल्या गाजलेल्या अद्भुत धारावाहिक कथा दासरि सुब्रह्मण्यम यांच्या, आणि वपा, चित्रा, शंकर यांच्या चित्रांशिवाय त्या पानांची कल्पनाच करवत नाही. एकच हात दोन्हीकडे वावरतो, एवढाच माझा दावा आहे. दोन्हीकडे त्याला मोकळीक सारखी होती, असा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वाङ्मयीन आहे : हे गद्य रुक्ष आहे, आणि त्यातलं जग तेनाली-गुंटूरकडच्या मध्यमवर्गापलीकडे फारसं जात नाही. मर्यादा खरी आहे. पण ज्या वर्गाच्या सबबी आपल्याला आतून पाठ आहेत त्याच्याबद्दलच अधिकाराने लिहायचं, यात प्रामाणिकपणाही आहे. रुक्षतेबाबत मला लेखनालेखनांत फरक करावासा वाटतो. जिथे निष्कर्ष आधी ठरलेला आणि पात्रं त्याच्याकडे चालवलेली, तिथे हे गद्य अहवालासारखं होतं. ‘चदुवु’त तसं होत नाही, कारण तिथे बदलत्या काळाचा अर्थ नायकाला जेमतेम लागतो आणि लेखक त्याच्यापुढे धावत नाही.