विपुल म्हणजे नेमकं किती?

इन्स्टावर दर तिसरं रील ‘अ‍ॅबंडन्स’चं असतं. डोळे मिटा, पैसा तुमच्याकडे येतोय असं म्हणा. यात आता काही पास्टरही आहेत, फक्त तिथे पैसा येशू पाठवतो. बायबलमधला संदर्भही ठरलेला असतो, योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. मराठी बायबलमध्ये तिथे ‘विपुलपणे’ हा शब्द आहे.

मी बीडचा. साखर कारखान्याची उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला. आमच्याकडे ‘विपुल’ कुणी बोलत नाही. ‘रग्गड’ म्हणतात, तेही दुसऱ्याच्या घराबद्दल. मी ख्रिस्ती नाही, पण या शब्दानं मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे परत नेलं.

आधी तो अध्याय. तिथलं बोलणं मेंढपाळाचं आणि मेंढरांचं आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पेरिस्सॉन’, म्हणजे गरज भागून वर उरणारं. पण मेंढराच्या मालकीचं काय असतं? आमच्या माळावर धनगरांची मेंढरं येतात. त्यांना चारा लागतो, पाणी लागतं आणि रात्री लांडगा येणार नाही याची खात्री लागते. साठा लागत नाही. शिवाय याच अध्यायात मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो. रीलमध्ये हा भाग येत नाही.

नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत, कवी) १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, कुणी मागितला की गेला. छप्पनच्या दुष्काळात पोरकी झालेली मुलं त्यांनी घरात घेतली. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. प्रवचनात सांगायला हे आयुष्य सोयीचं आहे.

पण सांगणारी बायको आहे. चूल तिची आहे. देणाऱ्याचं नाव होतं, उसनं आणायला जाणारीचं होत नाही, आणि लक्ष्मीबाई हा हिशेब सोडत नाहीत. त्या टिळकांवर हसतात, चिडतात, प्रेमही करतात, पण त्यांना संत करत नाहीत. मला हीच पुस्तकातली खरी टीका वाटते. आईला मी टिळकांच्या दानाबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, “मग त्या बाईनं काय खाल्लं?” समीक्षकांनी हा प्रश्न इतका थेट विचारलेला मी तरी वाचला नाही.

तरीही लक्ष्मीबाईंना नुसतं सोसणारी म्हणणं चूक आहे. बाप्तिस्म्याच्या आधी, राहुरीला असताना, त्या एकटीनं विचार करतात की जात देवानं केली की माणसानं, आणि ठरवतात की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. सोवळ्याच्या जाचात वाढलेल्या बाईचा हा निर्णय आहे. यात घरात एक पैसा वाढलेला नाही, पण जेवायला बसता येईल अशी घरं एका रात्रीत किती वाढली! ‘विपुल’चा मला पटलेला अर्थ हाच आहे, आणि तो टिळकांच्या उधळेपणात नसून इथे आहे.

राहुरी आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. आमच्या गावात आजही चहाचा कप कुणाच्या हातचा, हे बघणारे आहेत. त्यातले दोघे-तिघे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पॅकेज माझ्यापेक्षा मोठं.

एक तक्रार आहे. कॉलेजात आपल्याला हे पुस्तक गमतीदार प्रसंगांसाठी वाचायला लावतात आणि त्यातला धर्म हळूच बाजूला ठेवतात. चर्चमधले वाचक धर्म ठेवतात, पण लक्ष्मीबाईंची कुरकुर गाळतात. दोन्हीकडे पुस्तक अर्धंच राहतं. १९३४पासून ते भागाभागानं प्रसिद्ध झालं. बाजारात संक्षिप्त आवृत्तीही आहे, पण शक्य असेल तर पूर्ण घ्या. जाड आहे, पण बीड-पुणे एसटीच्या दोन फेऱ्यांत बरंच संपतं.