नदीकाठचा वाडा आणि ‘नूतनीकरण’ ही संज्ञा

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची चर्चा आपल्याकडे बहुधा स्थापत्यविशारद, इतिहाससंशोधक किंवा सरकारी खाते यांच्या परिभाषेत होते. ज्या शब्दांच्या आधारे ही चर्चा चालते, त्या शब्दांची तपासणी मात्र क्वचितच होते. वस्तुतः एखाद्या वाड्याचे काय करावयाचे याचा अर्धा निर्णय, त्या कामास आपण कोणते नाव देतो तेथेच होऊन जातो. प्रस्तुत लेखात नदीकाठच्या वाड्यांच्या निमित्ताने या नावांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम रूढ शब्द पाहू. ‘नूतनीकरण’ हा शब्द संस्कृत व्याकरणातील च्वि-प्रत्ययाने सिद्ध होतो. जे जसे नव्हते ते तसे होणे, म्हणजेच अभूततद्भाव, हा या प्रत्ययाचा अर्थ. तेव्हा नूतनीकरण करणारा मनुष्य, जे नवे नाही ते नवे करण्याची प्रतिज्ञाच करीत असतो. ‘जीर्णोद्धार’ शब्दात जीर्ण वस्तूस वर उचलण्याची कल्पना आहे. पण आपल्या परंपरेत हा शब्द मुख्यतः देवालयासंबंधी येतो. तेथे दैवत आणि पूजा टिकली की दगड बदलला तरी चालते. राहत्या घराला हा आधार नाही. ‘संवर्धन’ हा शब्द आज सरकारी कागदांत सर्वत्र आढळतो; त्याचा धातू वाढीचा आहे, राखण्याचा नव्हे. ‘दुरुस्ती’ आणि ‘डागडुजी’ हे शब्द प्रामाणिक आहेत, परंतु त्यांत वास्तूच्या काळाचे भान नाही. छपराची जशी दुरुस्ती तशीच छत्रीची. उरतो ‘जतन’. हा ‘यत्न’ या शब्दाचाच तद्भव होय. जतन म्हणजे वस्तू आहे तशी सोडून देणे नव्हे, तर ती आहे तशी राहावी म्हणून सतत श्रम करणे. सहा शब्दांपैकी हाच एक आपल्या विषयास पुरेसा पडतो, आणि तोच योजनांच्या शीर्षकांत सर्वांत कमी दिसतो.

आता उदाहरण घेऊ. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणीस (१७४२–१८००) यांचा वाडा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव नानांकडे आल्यावर त्यांनी तेथे वाडा, घाट आणि देवालये उभारली. चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील वसईच्या विजयाशी ज्या घंटा निगडित आहेत, त्यांपैकी एक येथील घाटावर आहे. याच घरातून नानांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह द. ब. पारसनीस यांच्या हाती आला. त्यांनी साताऱ्यास उभारलेल्या संग्रहालयातील साहित्य १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. म्हणजे या वाड्यातील लिखित भाषा शास्त्रीय देखरेखीखाली सुरक्षित झाली. वाडा स्वतः जी भाषा बोलतो तिचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

‘भाषा’ हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून योजलेला नाही. वाड्याच्या रचनेत एकके आहेत आणि त्यांच्या जुळणीचे नियमही आहेत. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, सोपा, माजघर, परसू हा क्रम ऐच्छिक नाही. बाहेरच्याने कोठवर यावे, कोणी कोठे बसावे, याचा निर्णय त्या क्रमात झालेला असतो. माजघर म्हणजे मधले घर. त्याच्या पुढे आणि मागे काही असेल तरच त्यास ‘माज’ म्हणता येईल. पुढचा सोपा पाडला तर माजघराच्या भिंती तशाच राहूनही ते माजघर उरत नाही. याहून बोलके एकक ‘खण’ हे होय. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण, आणि घर किती मोठे हे खणांच्या संख्येने सांगावयाचे, अशी आपली पद्धत. या अंतराचे प्रमाण सागवानी लाकडाच्या लांबीने आणि ताकदीने ठरविलेले असते. कुजलेल्या तुळईच्या जागी दुसरी लाकडी तुळई घातली, तर एका शब्दाच्या जागी त्याच जातीचा दुसरा शब्द आला. परंतु लोखंडी तुळई घालून मधले खांब काढून टाकले, तर दिवाणखाना प्रशस्त होतो आणि खण मोजता येत नाहीत. हा शब्दातील बदल नव्हे, व्याकरणातील बदल होय. नूतनीकरणाच्या कौतुकात हा भेद नेमका निसटतो. कारण खांबाची नक्षी भिंतीवर शोभेसाठी लावलेली असते आणि पाहणाऱ्यास जुनेपणाचा भास होतो.

नदीकाठी या प्रश्नास आणखी एक अंग येते, ते म्हणजे पाणी. दख्खनच्या वाड्यात जोते काळ्या दगडाचे, वरची भिंत विटांची किंवा मातीची, आणि दर्जा चुन्याच्या असतात. काठावरील जमिनीतील ओल भिंतीत चढणारच. चुना सच्छिद्र असल्यामुळे ती बाहेरही पडते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओलीचा मार्ग बंद होतो. ती विटेत अडकते, तिच्यातील क्षार विटेच्या पृष्ठभागाशी साचतात आणि जुनी मऊ वीट आतून भुगा होऊ लागते. बाहेरून भिंत पूर्वीपेक्षा मजबूत दिसते, हेच त्यातील अनिष्ट. दुसऱ्या बाजूने, जुन्या साहित्याचे भाबडे कौतुकही करता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा मुठेकाठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे पाण्याने भिजून कोसळले. ज्यांनी त्यानंतर काँक्रीटची घरे बांधली त्यांस रसिकतेच्या अभावाचा दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांना घर हवे होते, पुरावा नव्हे.

पाश्चात्त्य विचारात या वादाची दोन टोके प्रसिद्ध आहेत. रस्किनने १८४९ मध्ये पुनर्निर्मितीस वास्तूचा विनाशच मानले. उलट, व्हिओले-ल-द्यूक याच्या मते वास्तूस अशा पूर्णावस्थेस न्यावे की जी प्रत्यक्षात कोणत्याही एका काळी नसेलही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मध्यम मार्ग काढला. जेथे तर्कास प्रारंभ होतो तेथे पुनःस्थापनेने थांबावे, आणि नवा भाग जुन्याशी जुळावा पण वेगळा ओळखू यावा. १९९४ च्या नारा येथील मसुद्याने अस्सलपणाचा निकष संस्कृतिसापेक्ष असल्याचे मान्य केले. ज्या देशात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने उभारले जाते, तेथे हा विचार पुढे यावा हे स्वाभाविकच होय. आपल्याकडे इंटॅकच्या २००४ च्या सनदेने कारागिरांच्या जिवंत परंपरेस महत्त्व दिले. आपल्या वाड्यांपुरते बोलावयाचे तर ही शेवटची भूमिका मला सर्वांत फलदायी वाटते; मात्र तिच्यातील अट विसरता कामा नये. परंपरा जिवंत असेल तरच तिच्यावर भिस्त ठेवता येते. चुन्याची घाणी फिरविणारा हात नसेल, तर ‘पारंपरिक पद्धतीने’ ही अक्षरे निविदेत लिहून काही साधत नाही.

राहणुकीचा प्रश्न याहून अवघड आहे. नर्मदाकाठी महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्यात २००० मध्ये त्यांच्याच वंशातील व्यक्तीने अतिथिगृह सुरू केले. त्यामुळे वास्तूस उत्पन्न मिळाले आणि ती नांदती राहिली. तथापि यजमान आणि पाहुणा यांचे जे नाते ओसरी व माजघर यांच्या भेदात बांधलेले असते, ते पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यापुढे टिकत नाही. त्याला सर्व दालने सारखीच उघडी. मी यास दोष म्हणत नाही. शब्द टिकून अर्थ पालटणे हे भाषेत नित्य घडते. पण अर्थ पालटला आहे हे नोंदविण्याचे काम अभ्यासकाने टाळू नये.

या दृष्टीने जुन्नर तालुक्यातील येडगावकडे पाहण्यासारखे आहे. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक येथे कुकडीवर आहे. नदीस ‘काठ’ असतो, ‘थडी’ असते, ‘घाट’ असतो. भीमथडी या नावात तर नदी आणि तिच्या लगतचा मुलूख एक होऊन जातात. जलाशयाचा काठ मात्र कालव्याच्या आवर्तनाबरोबर वर्षभर पुढेमागे सरकतो. अशा काठावर घाट बांधता येत नाही, कारण पायऱ्या कोणत्या पाण्यास उतरावयाच्या हे निश्चित नसते. मेणवलीच्याही वरच्या अंगास आता धोमचे धरण आहे. तेथील पाणी पूर्वीच्या नेमाने येत नाही. २०१८ मध्ये जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाल्यानंतर पाण्याकाठी ‘वाडा’ या नावाची ओढ वाढणे साहजिक आहे. सिमेंटच्या खांबांस लाकडी रंग देऊन उभारलेल्या इमारतीस ‘वाडा’ म्हणण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु त्यामुळे शब्दाची व्याख्या रचनेवरून सरकून देखाव्यावर येते, आणि मग खऱ्या वाड्याचा मालकही आपल्या घरास त्या देखाव्यासारखे करू लागतो. नक्कल मूळास वळण लावते, हा धोका मला पडझडीहून मोठा वाटतो.

भाषेची ही तुलना फार ताणू नये हेही खरे. भाषेचा भार सर्व समाज वाहतो, वाड्याचा भार बहुधा एक कुटुंब. लुप्त शब्द कोशात सापडेल. चुना मळण्याचे कसब कोशातून परत येत नाही. यास्तव निकष मोजकेच असावेत. दुरुस्तीनंतर खण मोजता यावेत. भिंतीतील ओल बाहेर पडावी. नव्याने केलेले पुढील पिढीस काढून टाकता यावे. आणि घरात राहणाऱ्यास न्हाणीघर, वीज व सुरक्षित जिना यांचा हक्क असावा. पहिल्या तीन अटी वास्तूच्या आहेत, चौथी माणसांची. चौथी नाकारली तर घरातील माणसे निघून जातात आणि पहिल्या तिन्ही पाळण्यास कोणी उरत नाही. ‘जतन’ या शब्दातील यत्न कोणी करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर तेथे राहणाऱ्यांस वगळून देता येणार नाही.