विरळ मापनाच्या प्रदेशातील भूस्तरीय ओझोन आणि पीकहानीची अनुमाने : धरणगाव परिसराच्या संदर्भात एक परीक्षण

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील धरणगाव आणि त्याचा तालुका हा खानदेशातील जुना कापूसपट्टा होय. कपाशी, ज्वारी, मका व हरभरा, आणि पाण्याची सोय असेल तेथे गहू व केळी, ही येथील प्रमुख पिके. जमिनीलगतच्या हवेतील ओझोनमुळे या पिकांची किती हानी होते, या प्रश्नाचे उत्तर आज अनुमानानेच दिले जाते. अनुमान करणे हा दोष नव्हे. जेथे मापन नाही तेथे दुसरा मार्गही नाही. परंतु अनुमानाचा आकडा एकदा नकाशावर रंगविला गेला की त्यास मापनाची प्रतिष्ठा प्राप्त होते आणि त्याच्या घडणीचा विसर पडतो. ही घडण तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन सूर्याच्या अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र वनस्पतींस विषवत् आहे. तो कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. वाहने, औष्णिक वीजकेंद्रे व ज्वलन यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो हवेतच निर्माण होतो. पर्णरंध्रांतून पानात शिरल्यावर तो पेशींची पटले दूषित करतो, प्रकाशसंश्लेषण मंदावतो आणि पान अकाली जीर्ण होते. कॅलिफोर्नियातील द्राक्षवेलींच्या पानांवरील ठिपके ओझोनमुळे पडतात, हे रिचर्ड्स, मिडलटन व ह्यूइट यांनी १९५८ साली दाखविले. भारतात पंजाबातील बटाट्याच्या पिकावर अशी इजा आढळल्याची नोंद बांबावाले यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. अर्थात धोका खरा आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो परिमाणाविषयी.

हानीचे कोणतेही अनुमान तीन पायऱ्यांनी सिद्ध होते : हवेतील ओझोनचे प्रमाण, त्या प्रमाणावरून काढलेली मात्रा, आणि त्या मात्रेला पिकाने दिलेला प्रतिसाद. धरणगावच्या बाबतीत या तिन्ही पायऱ्या उसन्या आहेत.

पहिली पायरी प्रमाणाची. हवेच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील हस्तचलित केंद्रांवर आठवड्यातून दोनदा नमुने घेतले जातात व त्यांतून मुख्यतः गंधक डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि धूलिकण मोजले जातात. ओझोनसाठी तासागणिक नोंद करणारे स्वयंचलित यंत्र लागते, आणि अशी यंत्रे प्रायः शहरांत आहेत. शहरातील आकडा जवळच्या शेतास लावावा, तर तेथे एक विपरीत गोष्ट घडते. रहदारीतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो; त्यामुळे भर चौकातील ओझोन कमी भरतो आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या ग्रामीण भागात तो वाढलेला आढळतो. हिवाळ्यात खानदेशात वारा बहुधा पूर्वेच्या अंगाने वाहतो. भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र व जळगाव शहर ही दोन्ही धरणगावच्या पूर्वेस आहेत, आणि सुरत-नागपूर महामार्ग याच तालुक्यातील पाळधीवरून जातो. अशा स्थितीत शहरी केंद्राचा आकडा धरणगावच्या शेतास लावणे म्हणजे धोका कमी लेखण्याचा संभव पत्करणे होय.

उपग्रहांचे साहाय्यही येथे मर्यादितच आहे. हवेच्या उभ्या स्तंभातील सुमारे नऊ दशांश ओझोन वरच्या थरात असल्याने जमिनीलगतचा अंश त्यातून वेगळा काढणे दुर्घट होते. म्हणून शेवटी संगणकीय प्रतिमानाकडे वळावे लागते. परंतु प्रतिमानातील एकेका चौरसाची बाजू कित्येक किलोमीटरांची असते. त्यात गिरणाकाठची बागायत आणि वरची कोरडवाहू जमीन एकच होऊन जाते.

दुसरी पायरी मात्रेची. युरोपात रूढ झालेल्या निर्देशांकानुसार, दिवसाच्या उजेडात ओझोनचे प्रमाण हवेच्या अब्ज भागांत ४० भागांहून जितके अधिक असेल तितके तासागणिक मोजून तीन महिन्यांची बेरीज केली जाते. ही बेरीज ३००० झाली की गव्हाचे उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटते, असे मानले जाते. या रीतीतील नाजूक भाग असा की, उंबरठ्याजवळची लहान चूक बेरजेत फार मोठी होते. समजा, ९० दिवस रोज सहा तास खरे प्रमाण ४२ आहे. बेरीज १०८० होईल. प्रतिमानाने तेच ४७ धरले, तर बेरीज ३७८० होते. प्रमाणातील चूक बारा टक्के, मात्रेतील साडेतीनपट. आणि तेच शेत सुरक्षित कोटीतून धोक्याच्या कोटीत जाऊन बसते.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. भारतात २००९ साली ठरविलेले ओझोनचे आठ तासांचे मानक घनमीटरास १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्ज भागांत सुमारे ५१ भाग, इतके आहे. रोज आठ तास ४८ हे प्रमाण राहिले तर मानकाचा भंग होत नाही. पण तीन महिन्यांची बेरीज ५७६० भरते. मानक पाळले गेले म्हणून पीक निर्धास्त आहे, असा निष्कर्ष मुळीच निघत नाही.

शिवाय हा निर्देशांक हवेतील ओझोन मोजतो, पानात शिरलेला नव्हे. उष्ण व कोरड्या हवेत, जमिनीत ओल नसताना, पर्णरंध्रे मिटतात आणि ओझोन बाहेरच राहतो. देशाच्या अंतर्भागात ओझोन बहुधा मार्च ते मे या महिन्यांत चढतो. त्या काळी धरणगावची बहुतेक कोरडवाहू शेते मोकळी असतात. पावसाळ्यात ढगांमुळे तो उतरतो. आक्टोबरात आकाश निवळल्यावर तो पुन्हा वाढू लागतो, नेमका कपाशीची बोंडे भरण्याच्या वेळी. ठिबकाच्या पाण्यावर मे महिन्यात लावलेली पूर्वहंगामी कपाशी, रब्बीचा ओलिताचा गहू आणि बारमाही केळी यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना पाणी मिळते, म्हणून त्यांची रंध्रे अधिक काळ उघडी राहू शकतात. ज्या शेतकऱ्याने पाण्यावर खर्च केला त्याच्याच पिकास ओझोनचा उपद्रव अधिक, असा हा विचित्र योग आहे. पर्णरंध्रांतून जाणारा प्रवाह मोजणारी नवी पद्धत हा भेद ओळखते. तथापि तिला स्थानिक वाणांच्या रंध्रांविषयी माहिती लागते, आणि येथेच तिसरी पायरी डळमळते.

मिल्स व सहकाऱ्यांनी २००७ साली १९ पिकांच्या प्रतिसादाचे एकत्रीकरण केले. त्यात गहू, कापूस, कडधान्ये, कांदा व टोमॅटो ही पिके संवेदनशील ठरली, तर भात व मका मध्यम. यादी वाचताना खानदेशाचे पीकपत्रकच वाचत असल्याचा भास होतो. परंतु त्यामागील प्रयोग मुख्यतः युरोप-अमेरिकेतील वाणांवर झालेले आहेत. आणि जळगाव जिल्ह्याचे वैभव समजली जाणारी केळी त्या यादीत मुळीच नाही. परिणामी नकाशावर केळीची हानी शून्य भासते. हे शून्य मोजलेले नव्हे, न मोजलेले आहे.

या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय आकड्यांकडे पाहावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील सचिन घुडे व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात गहू, भात, कापूस व सोयाबीन या चार पिकांचा विचार केला आणि गव्हाची हानी ३५ लाख टन, भाताची २१ लाख टन काढली. गव्हाच्या बाबतीत हे प्रमाण त्या काळच्या उत्पादनाच्या सुमारे ५ टक्के होते. त्याच वर्षी बर्नी व रामनाथन यांनी निराळ्या, सांख्यिकी मार्गाने असे प्रतिपादिले की, हवामानबदल व प्रदूषण नसते तर २०१० मध्ये मिळाले असते त्याहून गव्हाचे दर हेक्टरी उत्पन्न ३६ टक्क्यांपर्यंत कमी होते. या दुसऱ्या आकड्यात तापमानवाढ व काजळी यांचाही वाटा असल्याने दोहोंची सरळ तुलना न्याय्य नव्हे. तरी त्यातील एक गोष्ट बोलकी आहे : त्या अभ्यासात ओझोनऐवजी त्याच्या पूर्वद्रव्यांचे उत्सर्जन घ्यावे लागले. घुडे यांच्या निबंधाचे मोल असे की, त्यांनी ३५ लाख टनांपुढे ८ लाख टनांची, आणि २१ लाख टनांपुढेही तितकीच, अनिश्चितता प्रांजळपणे नोंदविली. उद्धृत करणारेच तेवढा भाग गाळतात. देशासाठी काढलेला आकडा तालुक्यास वाटून देणे हे तर मूळ लेखकांवरही अन्याय करणारे आहे.

हा केवळ पद्धतीचा वाद नव्हे. कपाशीचे पान लाल पडले की खानदेशातील शेतकरी त्यास ‘लाल्या’ म्हणतो, व मॅग्नेशियमची उणीव किंवा रात्रीची थंडी हे त्याचे कारण सांगितले जाते. ओझोनच्या इजेनेही कपाशीचे पान तांबूस होऊन लवकर गळते. डोळ्यांना या दोहोंतील भेद सहज कळत नाही. कारण चुकीचे ठरले तर शेतकरी फवारणीवर पैसा घालवितो आणि दोष बियाण्यास किंवा त्याच्या मशागतीस लागतो. उलटपक्षी, अपुऱ्या पुराव्यावर प्रत्येक लाल पान ओझोनच्या माथी मारणे हेही तितकेच घातक ठरेल.

उपाय अवाढव्य नाहीत. धरणगावसारख्या ठिकाणी शेताच्या उंचीवर तासागणिक नोंद करणारे एक यंत्र, आणि त्याभोवती विजेवाचून चालणारे निष्क्रिय नमुनाग्राहक, एवढ्याने पहिली पायरी स्वतःची होईल. निष्क्रिय नमुनाग्राहक आठवड्या-दोन आठवड्यांची सरासरीच देतात, म्हणून त्यांना यंत्राची जोड अपरिहार्य आहे. ओझोनपासून पानांचे रक्षण करणारे एथिलीनडाययुरिया हे द्रव्य काही झाडांना देऊन व काहींना न देता तुलना करण्याची रीत बनारस हिंदू विद्यापीठातील अभ्यासकांनी भारतीय पिकांवर वापरलेली आहे. तीच कोरडवाहू व बागायती कपाशीवर आणि जळगावच्या केळी संशोधन केंद्राच्या साहाय्याने केळीवर योजता येईल.

तोवर उपलब्ध नकाशांचा उपयोग एवढाच की, शोध कोठे घ्यावा हे ते दाखवितात; किती हानी झाली हे सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. धरणगावच्या शेतकऱ्यास सध्या ओझोनची भीती घालणे जसे अनुचित, तसेच त्याच्या शेतात ओझोन नाही असे सांगणेही अनुचित होय.