हास्याचा आश्रय, भयाचा आश्रय : ‘होगन्स हीरोज’ या मालिकेची चिकित्सा

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धावरील कलाकृतींची चर्चा करताना ‘होगन्स हीरोज’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा उल्लेख बहुधा संकोचाने केला जातो. नाझी जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावणीत विनोद घडवावा आणि तो सहा वर्षे, १६८ भागांत चालू ठेवावा, ही कल्पनाच अनेकांना अभिरुचिहीन वाटली. सी.बी.एस. वाहिनीवर १७ सप्टेंबर १९६५ रोजी सुरू झालेली ही मालिका ४ एप्रिल १९७१ रोजी संपली. प्रस्तुत लेखात तिच्यावरील या आक्षेपाचा विचार भारतीय रसचर्चेतील एका संकल्पनेच्या आधारे केला आहे. आक्षेप खरा आहे. मात्र तो ज्या ठिकाणी घेतला जातो ते ठिकाण चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उलटा तुरुंग

अमेरिकन हवाई दलातील कर्नल होगन आणि त्याचे साथीदार हे पाडल्या गेलेल्या विमानांतील वैमानिक व सैनिक होत. त्यांत शाही ब्रिटिश हवाई दलाचा कॉर्पोरल न्यूकर्क आहे, फ्रेंच ल’बो आहे, स्फोटके हाताळणारा कार्टर आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा किंचलो आहे. बराकीतील एक बिछाना उचलला की खाली भुयार लागते. छावणीप्रमुख क्लिंकच्या कार्यालयातील संभाषण कॉफीच्या भांड्यात दडवलेल्या यंत्रावर ऐकू येते. छावणीबाहेरचे झाडाचे बुंधे म्हणजे प्रत्यक्षात दारे आहेत. हे कैदी हवे तेव्हा पळून जाऊ शकतात, पण जात नाहीत. घातपात आणि हेरगिरी यांसाठी त्यांना ही छावणी हवी आहे. आपल्या छावणीतून कोणीही कैदी कधी निसटला नाही, ही क्लिंकची एकमेव बढाई. ती खरी ठरावी म्हणून कैदीच धडपडतात. कैदी हे जेलरच्या अब्रूचे राखणदार झाले आहेत! मालिकेतील बहुतेक प्रसंग या एका उलटापालटीतून निर्माण होतात.

इंग्रज आणि अमेरिकन यांच्यातील नातेही तिने असेच उलटवले आहे, मात्र येथे हेतू निर्मळ दिसत नाही. न्यूकर्क हा लंडनचा खिसेकापू, शिंपी आणि तिजोरीफोड्या. त्याहून वरच्या दर्जाचा इंग्रज अधिकारी म्हणजे क्रिटेंडन. पलायन हेच कैद्याचे एकमेव कर्तव्य मानणारा आणि प्रत्येक बेत विसकटणारा. म्हणजे कनिष्ठ इंग्रज उपयुक्त, वरिष्ठ इंग्रज मूर्ख आणि नेतृत्व अमेरिकनाचे. इतिहास वेगळा आहे. पलायनाच्या संघटना मुख्यतः ब्रिटिश हवाई दलातील कैद्यांनी उभारल्या होत्या. मार्च १९४४ मध्ये श्टालाग लुफ्ट ३ मधून ७६ जण बाहेर पडले, त्या मोहिमेचा सूत्रधार रॉजर बुशेल हा ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी होता. अमेरिकन कैद्यांना त्यापूर्वीच दुसऱ्या आवारात हलवण्यात आले होते. पुन्हा पकडलेल्या ७३ जणांपैकी ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. हे मालिकेला ठाऊक नव्हते असे नाही. या पलायनावरील गाजलेला चित्रपट १९६३ मध्येच येऊन गेला होता.

भयाचा आश्रय

भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस होत, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त सांगितले आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त असा विरोध टाळण्याचा एक मार्ग दाखवला आहे : विरोधी रसांचे आश्रय भिन्न करावेत. नायकाच्या ठिकाणी वीर असेल, तर भय प्रतिनायकाच्या ठिकाणी ठेवावे. ‘होगन्स हीरोज’च्या लेखकांना हे सूत्र माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांनी केले आहे ते नेमके हेच. या छावणीत कैदी कोणालाही भीत नाहीत. भितो तो क्लिंक. भितो तो पहारेकरी शुल्ट्झ. रशियन आघाडीवर रवानगी होईल, हे त्यांचे भय प्रत्येक भागात डोके वर काढते. जनरल बुर्कहाल्टरच्या एका वाक्याने क्लिंकचा चेहरा पांढरा पडतो आणि प्रेक्षक हसतो.

शुल्ट्झला सगळे दिसते. आपल्याला काहीच दिसले नाही, काहीच ठाऊक नाही, हे तो ज्या सुरात म्हणतो त्या सुराची प्रेक्षकांना ओढ लागली. युद्धोत्तर जर्मनीत सामान्य माणसाने हेच उत्तर दिले होते, हे लक्षात घेतले की या गमतीचे दुसरे टोक हाती लागते. शुल्ट्झची भूमिका करणारा जॉन बॅनर हा ऑस्ट्रियातून निसटलेला ज्यू. त्याचे अनेक आप्त नाझींनी मारले. क्लिंक साकारणारा व्हेर्नर क्लेंपरर हा संगीतसंचालक ओटो क्लेंपरर यांचा पुत्र. हिटलर सत्तेवर आल्यावर या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली. क्लिंक कधीही यशस्वी होता कामा नये, या अटीवर त्याने ही भूमिका स्वीकारली आणि तिच्यासाठी दोन एमी पुरस्कार मिळवले. ल’बोची भूमिका करणारा रॉबर्ट क्लॅरी तर बुखेनवाल्डमधून जिवंत सुटलेला होता. त्याचे आई-वडील ऑशवित्झला मारले गेले. युद्धकैद्यांची छावणी आणि मृत्युछावणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे क्लॅरी नेहमी सांगत असे. ज्यांनी ते भय भोगले त्यांनीच ते जेलरच्या अंगावर चढवून दाखवले, तेव्हा अभिरुचीचा आक्षेप निदान त्यांच्यापुरता गळून पडतो.

अनुपस्थित कैदी

परंतु आश्रय बदलला म्हणून भय नाहीसे होत नाही. मालिकेच्या पहिल्या, कृष्णधवल भागात मिन्स्क नावाचा एक रशियन कैदी आहे. पुढील भागांत तो नाही. लिओनिड किन्स्की या नटाने भूमिका सोडली हे त्याचे तात्कालिक कारण. पण त्याच्या जागी दुसरा रशियन आणला गेला नाही, हे अधिक बोलके आहे. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३३ लाख भूक, थंडी, रोगराई आणि गोळीबार यांमुळे मरण पावले. १९२९ च्या जिनिव्हा कराराचे जे संरक्षण ब्रिटिश-अमेरिकन वैमानिकांना बऱ्याच अंशी लाभले, ते त्यांना नाकारले गेले. मिन्स्क बराकीत राहिला असता तर हा विनोद टिकला नसता. येथे रशिया उरतो तो फक्त क्लिंकला घाबरवणाऱ्या आघाडीच्या रूपाने. आक्षेप घ्यायचाच तर तो येथे घ्यायला हवा.

किंचलोच्या बाबतीत मालिका अधिक धीट आहे. आयव्हन डिक्सन हा कृष्णवर्णीय नट दूरध्वनीवर जर्मन अधिकाऱ्याचा आवाज काढतो आणि पलीकडचा नाझी सलाम ठोकतो. वंशश्रेष्ठत्वाची याहून नेमकी टवाळी क्वचितच सापडेल. मात्र अमेरिकन सैन्यातील वर्णभेद १९४८ च्या आदेशापर्यंत अधिकृत होता, हे येथे कोणी उच्चारत नाही. टस्कीगी तुकडीतील वैमानिक अलेक्झांडर जेफरसन श्टालाग लुफ्ट ३ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांसोबत राहिला. सुटकेनंतर न्यूयॉर्कच्या बंदरात उतरताना मात्र गोऱ्यांची वाट निराळी आणि काळ्यांची निराळी आहे, असे त्याला दिसले.

आणखी एक अनुपस्थिती कालाची आहे. मालिका सुरू होण्याच्या आठच दिवस आधी, ९ सप्टेंबर १९६५ रोजी, जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन वैमानिकाचे विमान उत्तर व्हिएतनामवर पाडले गेले. होगनची छावणी घरोघरी हशा पिकवत होती ती सर्व वर्षे तो हनोईच्या तुरुंगात छळ सोसत होता. मालिका संपल्यावरही जवळपास दोन वर्षे, फेब्रुवारी १९७३ पर्यंत, तो तेथेच होता. हसणाऱ्या प्रेक्षकांमध्ये अशा कैद्यांची कुटुंबेही असणार.

जर्मनीत ही मालिका १९९२ पर्यंत दाखवलीच गेली नाही. पहिले भाषांतर फारसे रुचले नाही. नंतर ‘वीरांनी भरलेला पिंजरा’ अशा अर्थाच्या नव्या नावाने तिला नवे संवाद दिले गेले. क्लिंक सॅक्सन वळणाने बोलू लागला, शुल्ट्झ बव्हेरियन झाला आणि क्लिंकच्या घरी पडद्यावर कधीही न दिसणारी एक कामवाली बाई आली. या रूपात मात्र जर्मन प्रेक्षक मनापासून हसले.