मधुमेहविषयक मराठी लेखनातील कृश रुग्ण

आरोग्यविषयक लोकसुलभ लेखन वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याचा प्रघात आहे. परंतु जे गद्य रुग्णाच्या ताटापर्यंत आणि त्याच्या झोपेपर्यंत पोहोचते, त्याच्या भाषेची चिकित्सा अभ्यासकास टाळता येणार नाही. मधुमेहावरील पुस्तिका व वृत्तपत्रीय लेख या दृष्टीने वाचले असता त्यांत एक ठरीव नायक वारंवार भेटतो. तो स्थूल आहे, बैठ्या व्यवसायाचा आहे, गोडाचा शौकीन आहे आणि म्हणून काहीसा अपराधीही आहे. लेखनाचा सूर आज्ञार्थी असतो: हे वर्ज्य करा, जिभेवर ताबा ठेवा. उपदेश पाळूनही ज्याची साखर वाढली, त्याच्यासाठी या गद्यात दोषारोपाखेरीज शब्द नाही.

हा नायक प्राचीन वैद्यकातून आला, असे समर्थन कोणी करील. ते अर्धेच खरे आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांची गणना आहे, हे निर्विवाद होय. मात्र त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात प्रमेही दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्याचे शोधन करावे, दुसऱ्याचे पोषण. सुश्रुतही सहज व अपथ्यजन्य असे दोन प्रमेह मानतो, आणि सहज प्रमेहाचा रुग्ण कृश, रूक्ष व अल्पाहारी असल्याचे नोंदवतो. निर्धन रुग्णास अनवाणी शंभर योजने चालावयास सांगणारा, कोणास विहीर खणावयास लावणारा हा कठोर ग्रंथकार त्याच ओघात कृशाचे मात्र सतत रक्षण करावे असे बजावतो. प्रमेह आणि आजचा मधुमेह तंतोतंत एकच मानणे धाडसाचे ठरेल. तथापि परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी तिचा निम्मा भाग गाळावा, हे वाचनातील वैगुण्य आहे.

आधुनिक संशोधनाने हा गाळलेला रुग्ण पुन्हा समोर आणला आणि तेही महाराष्ट्रातच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे 3.5 किलो भरले. परंतु स्नायू व अवयव यांच्या मानाने पुण्याच्या बालकांची मेदसंपत्ती फारशी घटलेली नव्हती. दिसावयास हडकुळे आणि आतून मेदयुक्त अशा या शरीररचनेत पुढील आयुष्यातील मधुमेहाचे एक बीज असावे, असा त्यातून निघणारा तर्क आहे. मातेच्या उदरातील कुपोषणाशी ज्याचा संबंध पोहोचतो, त्या रोगाचा सर्व दोष रुग्णाच्या जिभेवर लादणे कितपत न्याय्य?

या लेखनाची कसोटी पुण्या-मुंबईच्या वाचकावर न घेता भोकरच्या वाचकावर घ्यावी. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील, तेलंगणाच्या सीमेजवळच्या या तालुक्यातील एखादी शेतमजूर स्त्री कल्पावी. रोज सकाळी फिरावयास जा, असे पुस्तिका सांगते. ती शेतापर्यंत चालतच जाते. गव्हाऐवजी ज्वारी खा, असे सांगते. तिच्या घरी भाकरीच होते. भाकरी किती आणि तिच्याबरोबर वरण, भाजी किती, हे मात्र सांगितले जात नाही. ज्वारीने साखर वाढतच नाही, असा भ्रम तेवढा पसरतो. घरातील सर्वांचे झाल्यावर जेवणाऱ्या या स्त्रीला वेळेवर जेवा हे वाक्य कोणाच्या परवानगीने पाळावयाचे, याचा विचार तर त्या गद्यास शिवलेलाही नाही.

‘पथ्य’ या शब्दाचीही अशीच हानी झाली आहे. जे शरीराच्या मार्गास बाधक नाही आणि मनासही प्रिय आहे ते पथ्य, अशी चरकाची व्याख्या आहे. त्यातील मन आजच्या वापरात गळून पडले आणि निषेध उरला. येळवसेच्या दिवशी शेतातल्या पंगतीत वाढलेले नाकारणे, पाहुण्याच्या घरी चहा नको म्हणणे, यांत जो संकोच व एकटेपणा आहे, तो या वापराने अदृश्य केला. पाश्चात्त्य संशोधकांनी 1995 मध्ये मधुमेहाशी निगडित अशा मनस्तापाचे मापन करणारी प्रश्नावली सिद्ध केली. अपराधी वाटणे, थकून जाणे, आपल्याला कोणी समजून घेत नाही असे वाटणे, हे तिच्यातील प्रश्नांचे विषय आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या 10.1 कोटी अंदाजली. एवढ्या समुदायाशी बोलणारी भाषा केवळ दटावणीची असावी, हे मराठी गद्याच्या दारिद्र्याचे लक्षण होय.

ही दटावणी प्रसंगी घातकही ठरते. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भान हरपू लागते. अशा वेळी चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा हाच तात्काळ उपाय असतो. ‘साखर म्हणजे विष’ हे घोषवाक्य भिंतीवर वाचून घरी गेलेली ती शेतमजूर स्त्री कापसाच्या शेतात डोळ्यांपुढे अंधारी आली असताना पदराच्या गाठीत गूळ बांधून आणलेला असेल काय, हे त्या घोषवाक्याच्या लेखकाने स्वतःस विचारलेले दिसत नाही.