भूल, बधिरीकरण आणि आमची सही

या पानांत आजवर कथा, काव्य, चरित्र यांची चिकित्सा होत आली आहे. आज आम्ही वाचकांचे लक्ष अशा एका गद्याकडे वेधू इच्छितो, ज्याचा लेखक अनामिक असतो, ज्याचा वाचक बहुधा भ्यालेला असतो आणि जे न वाचताच त्याखाली सही करण्याचा प्रघात आहे. ते गद्य म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाकडून घेतले जाणारे, भूल देण्याविषयीचे संमतिपत्र.

गतवर्षी आम्हांस हर्नियाच्या शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले. संमतिपत्र काही इंग्रजीत, काही गुजरातीत होते. राज्य सरकारच्या सेवेत उभा जन्म अर्ज, नमुने आणि परिपत्रके लिहिण्यात गेलेला. तरीही आम्ही अर्ध्या मिनिटात सही करून मोकळे झालो. सोबतच्या गुजराती चिठ्ठीत ‘आदल्या रात्रीपासून उपवास’ अशी सूचना होती. फतेगंजातील आमच्या घरी चार पिढ्यांपासून उपवासाचा अर्थ एकच. पहाटे सौभाग्यवतींनी दाण्याचे कूट घालून साबुदाण्याची खिचडी केली आणि आम्ही ती निःशंक मनाने खाल्ली. टेबलावर घेण्यापूर्वी भूलतज्ज्ञांनी सहज विचारले, आम्ही सरळ सांगितले आणि शस्त्रक्रिया चार दिवस पुढे गेली.

त्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी कारण सांगितले. भूल चढली की खोकून घसा मोकळा करण्याची शरीराची उपजत शक्ती मंदावते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसांत उतरू शकते, आणि त्यातून प्राणावर बेतते. म्हणून सामान्यतः हलक्या आहारानंतर सहा तास, तळकट वा जड जेवणानंतर आठ तास किंवा अधिक, आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जाऊ द्यावे लागतात. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा. खिचडीला धर्मशास्त्राने सवलत दिली असेल, फुफ्फुसांनी दिलेली नाही.

येथे सुश्रुतसंहितेचे स्मरण होते. बहुतेक शस्त्रकर्मांपूर्वी रुग्णास जेवू घालावे, आणि वेदना न सोसणाऱ्या मद्यप्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे तीत सांगितले आहे. मुखरोग, मुतखडा, मूळव्याध अशा मोजक्या प्रसंगी मात्र रुग्ण न जेवलेला असावा. त्या काळी भय होते ते शस्त्राच्या वेदनेने रुग्ण मूर्च्छित होण्याचे. आज मूर्च्छा आपणच आणतो आणि भय दुसरीकडे सरकते. नियम औषधानुसार बदलतो, हे कळले म्हणजे तो पाळणे सोपे जाते. आमच्या चिठ्ठीत नियम होता, कारण नव्हते.

आता शब्दांचा विचार करू. बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी करून दाखविला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्या अवस्थेस ‘ॲनेस्थेशिया’ हे ग्रीक नाव सुचविले. अर्थ, संवेदनेचा अभाव. मराठीत त्यासाठी संज्ञाहरण, बधिरीकरण आणि भूल असे तीन शब्द रूढ आहेत. पहिला भारदस्त, पण रुग्णाच्या ओळखीचा नाही. दुसऱ्यात बहिरेपणाची छटा डोकावते. तिसरा घरगुती आणि गोड. परंतु आपल्या गुजराती शेजाऱ्यांना ‘भूल’ म्हणजे केवळ चूक. ‘डॉक्टर भूल देणार आहेत’ हे वाक्य आम्ही एका परिचारिकेस ऐकविले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गुजरातीतही ‘शीशी सुंघाडवी’ हा क्लोरोफॉर्मच्या काळाचा प्रयोग आहे. तेवढीच जागा बधिर करण्यास ‘खोटुं करवुं’ म्हणतात.

आमचा खरा आक्षेप शब्दांच्या गोडीविषयी नाही. पाठीच्या कण्यातून सुई देऊन आमची शस्त्रक्रिया झाली. पाय जड झाले, वेदना नव्हती, मात्र आम्ही पूर्ण शुद्धीवर होतो आणि हत्यारांचा आवाजही ऐकत होतो. येथे ‘भूल’ चुकीचा, ‘बधिरीकरण’ अचूक. उलट, संपूर्ण शुद्ध हरपते तेथे ‘भूल’ शोभतो. संमतिपत्राने हे सारे प्रकार एका शब्दाखाली कोंबले होते. शिवाय ‘देणे’ या क्रियापदाने काम एका क्षणात संपल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते डॉक्टर आमच्या उशाशी अखेरपर्यंत नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू पाहत उभे होते. ही जागल कोणत्याच शब्दात आलेली नाही, आणि भ्यालेल्या माणसाला सर्वाधिक धीर तीच देते.

हा केवळ भाषेचा शौक नव्हे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्ण तपासणीसाठी भुलेखाली असता तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती संमती ग्राह्य धरली नाही. प्रसंग तातडीचा नव्हता, रुग्ण सज्ञान होती आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. उपचार, पर्याय आणि धोके समजावून सांगितल्यावरच संमतीला अर्थ येतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. न समजलेल्या मजकुराखालची सही म्हणजे शाईचा डाग.

समजणे मात्र दोन्ही बाजूंचे असते. रक्तदाब, मधुमेह व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधांचे वावडे, हलणारा दात वा कवळी, झोपेतील घोरणे, रक्ताच्या नात्यात कोणास भुलेचा त्रास झाला असल्यास तो, हे सर्व भूलतज्ज्ञांस सांगावे लागते. तंबाखूही. आम्ही ती कबुली सौभाग्यवतींच्या देखत दिली. शस्त्रक्रियेपेक्षा तो प्रसंग अवघड गेला.

सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश काढला, तो राज्यकारभाराचे शब्द लोकभाषांत उतरावेत म्हणून. त्याच बडोद्यात आजही आपल्या घरची वडीलधारी मंडळी न कळलेल्या कागदावर अंगठा वा सही करतात. आमच्या मंडळाने एखाद्या भूलतज्ज्ञाच्या साहाय्याने एक पानी मराठी प्रश्नावली सिद्ध करावी, अशी विनंती आहे. कोणत्या प्रकारची भूल, का, किती वेळ, काय खाऊ नये, काय सांगावे, आणि अखेरपर्यंत उशाशी कोण असेल, एवढे सहा प्रश्न पुरेत. मसुदा लिहिण्याचे काम आम्ही पत्करतो. त्यात ‘उपवास’ हा शब्द असणार नाही. ‘साबुदाणाही नको’ असे स्वच्छ लिहिलेले असेल.