साक्ष आणि आत्मकथा: गुलामगिरीतून सुटलेल्यांचे लेखन

इंग्लंड आणि अमेरिकेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्री-पुरुषांनी जी आत्मकथने लिहिली, त्यांना आत्माविष्काराची आजची कसोटी लावली तर त्यांचे प्रयोजन निसटते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष न्यायालयात ग्राह्य नव्हती; त्यामुळे ती छापून वाचकांपुढे मांडणे हा जवळजवळ एकमेव मार्ग उरत होता. ओलाउदा इक्वियानोचे आत्मचरित्र 1789 मध्ये लंडनला वर्गणीदारांच्या आधारावर निघाले, तेव्हा गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपुढे आलेला होता. हेतू नेहमी इतके सार्वजनिक नव्हते: मोझेस ग्रँडीच्या 1843 मधील पुस्तकाचे उत्पन्न गुलामीत अडकलेल्या नातलगांची सुटका विकत घेण्यासाठी होते.

साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच. जेम्स विल्यम्सच्या 1838 मधील कथनातील तपशिलांना गुलाममालकांच्या बाजूने आव्हान मिळाले आणि प्रकाशक असलेल्या गुलामगिरीविरोधी संस्थेला त्याची विक्री थांबवावी लागली. फ्रेडरिक डग्लसने 1845 मध्ये मालकांची, मुकादमांची आणि गावांची खरी नावे छापली, ती या पार्श्वभूमीवर. पण त्यामुळे त्याचा स्वतःचा ठावठिकाणाही उघड झाला, त्याला अटलांटिकपार जावे लागले आणि तेथील हितचिंतकांनी 1846 मध्ये 150 पौंड मोजून त्याला कायद्याने मुक्त केले. एवढे उघड सांगणाऱ्या या लेखकाने आपण पळालो कसे, हे मात्र मागून येणाऱ्यांची वाट बंद होऊ नये म्हणून 1881 पर्यंत सांगितले नाही. पहिल्या पुस्तकाला दोन गोऱ्या पुढाऱ्यांनी हमी दिली होती, तर 1855 च्या, कितीतरी मोठ्या आत्मचरित्राला जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांची प्रस्तावना आहे. वाङ्मयीन दृष्ट्याही हे दुसरे पुस्तकच अधिक मोकळे आहे.

या परंपरेतील सर्वांत अवघड लेखन मात्र हॅरिएट जेकब्सचे आहे. मालकाच्या लैंगिक छळाविषयी, आणि त्याला शह देण्यासाठी दुसऱ्या गोऱ्या पुरुषाशी ठेवलेल्या संबंधाविषयी, तत्कालीन सभ्य वाचक स्त्रियांना सांगायचे होते आणि तरीही त्यांची सहानुभूती गमवायची नव्हती. म्हणून तिने सगळी नावे बदलली. ‘अंकल टॉम्स केबिन’च्या लेखिकेला तिची हकिगत आपल्या पुस्तकात वापरायची होती, ते नाकारून तिने स्वतःच लिहायला घेतले. आजीच्या घराच्या छपराखालील नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी जेमतेम तीन फूट असलेल्या पोकळीत ती सुमारे सात वर्षे दडून राहिली. तेथे सापडलेल्या गिरमिटाने तिने भिंतीला भोके पाडली आणि त्यांतून खाली खेळणारी आपली मुले पाहिली. मालकाची दिशाभूल करण्यासाठी तिने लिहिलेली पत्रे न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी व्यवस्थाही तिने केली. लेखन तिच्या हातात आत्मकथनाच्या आधी डावपेच म्हणून आले, हे समीक्षकांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

यादवी युद्धानंतर सूर बदलला. बुकर टी. वॉशिंग्टनच्या 1901 मधील आत्मचरित्रात आरोपपत्राची जागा उद्योग आणि स्वावलंबनाने घेतली; पुस्तक गाजले, पण त्यातील गुलामगिरी गुळगुळीत झाली. मराठी वाचकाला हा विषय प्रामुख्याने जोतीराव फुले यांच्या 1873 च्या ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेमुळे परिचित आहे. तिथे गौरव मुक्त करणाऱ्यांचा आहे. मुक्तीच्या आधीच गुलामांनी आपला पुरावा स्वतः दाखल केला होता, ही बाजू या आत्मकथनांतून कळते.

तो पुरावा विद्यापीठांनी सहज स्वीकारला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उलरिक फिलिप्ससारखे इतिहासकार अशी कथने अविश्वसनीय ठरवत राहिले, तर जेकब्सचे 1861 चे पुस्तक अनेकांनी संपादिका लिडिया मारिया चाइल्ड हिची कादंबरीच मानले. जीन फेगन येलिन यांनी जेकब्सच्या खाजगी पत्रव्यवहाराच्या आधारे टोपणनावांमागची माणसे शोधली, आणि 1987 च्या त्यांच्या आवृत्तीनंतरच त्या पुस्तकाचे लेखकत्व सर्वमान्य झाले.